खिशातले पिस्तूल निवडताना खिशाकडे शेवटी पाहावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: शस्त्र बाळगण्याचा परवाना मिळाला आहे, पिस्तूल रोज पँटच्या पुढच्या खिशात, बाहेरून दिसणार नाही असे ठेवायचे आहे, हात लहान आहेत आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, मागे ओढताना बोटे दुखतात. विक्रेत्याने सर्वांत छोटे आणि सर्वांत हलके पिस्तूल पुढे केले आहे. आता काडतुसाच्या मापानुसार .३२ घ्यावे, .३८० घ्यावे की छोटे ९ मिमी घ्यावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी बरीच वर्षे नवशिक्यांना पिस्तूल चालवायला शिकवतो आणि त्यातली बरीच वर्षे स्वतःही खिशात पिस्तूल बाळगले आहे. त्या अनुभवावरून पहिलीच गोष्ट सांगतो, आणि ती विक्रेत्याला आवडणार नाही: सर्वांत हलके पिस्तूल नवशिक्यासाठी नसते. चालवायला ते सर्वांत अवघड असते आणि त्याला सर्वांत जास्त सराव लागतो.

प्रत्यक्षात होते उलटेच. माणूस दुकानात जातो, पिस्तूल तळहातावर तोलून पाहतो, खिशात घालून पाहतो, कुठे टोचत नाही म्हणून समाधान मानतो आणि घेऊन येतो. नंतर नेमबाजीच्या मैदानावर पहिल्या दहा गोळ्यांतच अंगठ्याच्या बेचक्यात कळ येते, नेम हातभर बाजूला जातो आणि ते पिस्तूल पुढची दोन वर्षे न चालवता नुसते खिशात फिरत राहते. म्हणून माझा निवडीचा क्रम असा आहे: आधी चाप आणि मूठ, मग काडतूस, मग होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) आणि सर्वांत शेवटी खिसा. खिसा बदलता येतो, शिंप्याकडून खोल करून घेता येतो. हाताची लांबी तशी बदलता येत नाही.

आता या क्रमाने जाऊ. चापाबद्दल माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. कमरेच्या पट्ट्यावर घट्ट बसवलेल्या होल्स्टरमध्ये आखूड आणि हलका चाप चालून जातो, कारण पिस्तूल एकाच दिशेला आणि एकाच जागी असते. खिशातले पिस्तूल दिवसभर हलते, आपण बसतो तेव्हा वळते, आणि ते बाहेर काढताना बोटे अरुंद जागेतून, घाईत आणि न पाहता आत शिरतात. अशा ठिकाणी मला लांब आणि एकसारखा ओढला जाणारा चाप हवा असतो. रुगर एलसीपी या छोट्या .३८० पिस्तुलाच्या २००८ मधील मूळ रचनेत तसा लांब चाप होता. २०१६ मध्ये आलेल्या एलसीपी २ चा चाप बराच आखूड आहे आणि त्याच्या मधोमध सुरक्षेची छोटी पाती आहे. मैदानावर या आखूड चापाने नेम अधिक चांगला लागतो, हे मी मान्य करतो. तरीही नवशिक्याच्या खिशात मला लांब चापच पाहायला आवडतो. हाताने लावायची सेफ्टी असलेले पिस्तूल घेतल्यास तिचा खटका प्रत्येक वेळी, अगदी सरावाच्या शंभराव्या वेळीसुद्धा, अंगठ्याने खाली गेला पाहिजे. खटका आहे पण सराव नाही, ही स्थिती खटका नसण्यापेक्षा वाईट असते.

मुठीचा प्रश्न याहून साधा आहे. बहुतेक खिशातल्या पिस्तुलांवर दोनच बोटे पुरी बसतात आणि करंगळी खाली लोंबकळते. मॅगझिनच्या तळाला बोटासाठी छोटे टोक जोडले की तिसरे बोट टेकते आणि पकड एकदम सुधारते. पण त्या टोकाने उंची वाढते आणि पिस्तूल खिशातून वर डोकावू लागते. हा तडजोडीचा भाग आहे. हात लहान असतील तर आपल्याला इथे थोडा फायदाच आहे, कारण मोठ्या पंजाच्या माणसाची चापावरची बोट-पेरी इतकी पुढे जाते की त्याला चाप सरळ मागे ओढता येत नाही. पिस्तूल हातात घेऊन, ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, सुरक्षित दिशेला रोखून पाहा: तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर बसतो का, आणि चाप ओढताना समोरची माशी (नळीच्या टोकाकडचा नेम धरण्याचा उंचवटा) जागची हलते का. हलत असेल तर हे पिस्तूल आपल्या हाताचे नाही, ते कितीही सुबक असले तरी.

आता काडतूस. या विषयावर लोक तावातावाने वाद घालतात, म्हणून आधी मुळाशी जाऊ. खिशातल्या पिस्तुलांची चार काडतुसे जुनी आहेत. .३२ एसीपी, ज्याला युरोपात ७.६५ मिमी ब्राउनिंग म्हणतात, जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास आणले; .२५ एसीपी म्हणजे ६.३५ मिमी हे १९०५ मधले, आणि.३८० एसीपी, म्हणजेच ९ मिमी शॉर्ट, हे १९०८ मधले. नेहमीचे ९ मिमी पॅराबेलम जॉर्ज लुगर यांचे, १९०२ च्या आसपासचे. .३८० ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे नळकांडे, १७ मिमी लांब असते आणि पॅराबेलमची १९ मिमी. गोळीचा व्यास जवळपास तोच, पण पॅराबेलममधला दाब बराच जास्त असतो. नळीतून बाहेर पडताना .३२ च्या गोळीत ढोबळमानाने १७० ज्यूल, .३८० मध्ये २७० च्या आसपास आणि ९ मिमीमध्ये ४५० च्या पुढे ऊर्जा असते. हे आकडे लांब नळीचे आहेत. खिशातल्या पिस्तुलाची नळी सत्तर मिलिमीटरच्या आसपास असल्याने ते सर्वच खाली येतात.

.२२ लाँग रायफलचा विचार आपण केला नाही हे बरे झाले, तरी कोणी सुचवेल म्हणून सांगतो. त्याचा धक्का नावालाच असतो आणि सराव स्वस्त पडतो. पण त्याच्या पुंगळीच्या कडेत स्फोटक भरलेले असते आणि ते कडेभर सारखे पसरले नसेल तर गोळी उडत नाही. बुडाच्या मध्यभागी टोपी (ठिणगी पाडणारा भाग) असलेल्या काडतुसांत हे प्रमाण फारच कमी असते. .२५ एसीपीच्या जन्माचे एक कारण हेच होते: .२२ इतक्याच लहान पिस्तुलात बसेल, पण भरवशाने उडेल असे मध्य-टोपीचे काडतूस हवे होते. आज .२५ मला कोणाला सुचवावेसे वाटत नाही, कारण तेवढ्याच आकाराची .३२ ची पिस्तुले मिळतात.

ऊर्जेच्या आकड्यांपेक्षा गोळी किती खोल जाते हे महत्त्वाचे आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे अमेरिकेच्या एफबीआयचे दोन अधिकारी एका चकमकीत मारले गेले, आणि त्यानंतर त्या संस्थेने काडतुसे तपासण्याची पद्धत नव्याने घातली. मांसासारखा विरोध करणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात, मध्ये जाड कापड ठेवूनही, गोळी किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंटिमीटर जावी, ही त्यातली मुख्य अट होती. छोट्या नळीतून सुटलेली .३८० ची पोकळ टोकाची, आत शिरल्यावर फुलून रुंद होणारी गोळी इथे अडचणीत येते: ती फुलली तर बऱ्याचदा लवकर थांबते, आणि टोकात कापड भरले तर फुलतच नाही आणि साध्या गोळीसारखी वागते. म्हणून .३२ आणि .३८० मध्ये अनेक अनुभवी लोक पूर्ण धातूचे आवरण असलेली किंवा सपाट नाकाची गोळी वापरतात. मीही तेच करतो. अर्थात अशी गोळी पलीकडे जाऊ शकते, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे याची जबाबदारी चाप ओढणाऱ्याचीच राहते. ९ मिमीमध्ये हा पेच कमी आहे; आखूड नळीसाठी बनवलेल्या चांगल्या पोकळ गोळ्या फुलतात आणि पुरेशा खोलही जातात.

मग सरळ ९ मिमीच का घेऊ नये? उत्तर भौतिकशास्त्रात आहे. काडतूस तेच असेल तर पिस्तुलाला मिळणारी धक्क्याची ऊर्जा त्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ८५० ग्रॅमचे पिस्तूल सोडून ५०० ग्रॅमचे घेतले तर तोच धक्का सुमारे १.७ पट होतो, आणि ३५० ग्रॅमचे घेतले तर जवळपास अडीचपट. सिग पी३६५, जे २०१८ मध्ये आले आणि ज्याने छोट्या आकारात दहा गोळ्यांचे मॅगझिन बसवून दाखवले, साधारण ५०० ग्रॅमचे आहे. ते कमरेच्या पट्ट्यासाठी उत्तम आहे. खिशासाठी ते मोठ्या, खोल खिशाचे पिस्तूल आहे. ज्या माणसाचा हात सशक्त आहे आणि जो महिन्याला दोनदा मैदानावर जातो त्याला ते शोभते. बोटे दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी ते पहिले पिस्तूल म्हणून देणार नाही.

इथे एक बारकावा आहे, ज्याकडे बहुतेक खरेदीदार पाहत नाहीत. .३८० चे प्रत्येक पिस्तूल सारखा धक्का देत नाही. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या रचनेत नळी सांगाड्याला, म्हणजे मूठ असलेल्या खालच्या भागाला, पक्की जोडलेली असते आणि स्लाइड फक्त तिच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहते. त्यामुळे स्प्रिंग ताठ ठेवावी लागते, स्लाइड ओढायला जड जाते आणि गोळी सुटताना झटका हातात थेट बसतो. ग्लॉक ४२ किंवा सिग पी२३८ मध्ये नळी आणि स्लाइड काही मिलिमीटर एकत्र मागे सरकतात, मग नळी कलते आणि स्लाइड सुटते. या रचनेत स्प्रिंग हलकी चालते. पीपीके पोलादी असून जड आहे, तरी अनेकांना ग्लॉक ४२ त्याहून सौम्य वाटते, याचे कारण हेच. केल-टेक पी-३२ हे १९९९ मधले पिस्तूल रिकामे असताना दोनशे ग्रॅमहूनही हलके आहे, आणि .३२ चे असूनही त्यात हीच कलत्या नळीची रचना आहे. म्हणून एवढ्या वजनाला ते चालवायला आश्चर्यकारक सोपे आहे. आपल्या बोटांचे दुखणे लक्षात घेता ही रचना असलेलेच पिस्तूल पाहावे, हा माझा आग्रह आहे.

.३२ बद्दल आणखी एक गोष्ट. त्याच्या पुंगळीची बुडाची कडा किंचित बाहेर येते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल तिथेच थांबते. नुसती स्लाइड ओढून हा अडथळा सुटत नाही, मॅगझिन काढून पिनने काडतूस सोडवावे लागते. आखूड लांबीच्या पोकळ गोळ्यांनी हे जास्त होते, पूर्ण लांबीच्या साध्या गोळ्यांनी क्वचित. साधी गोळी वापरण्याचे हे दुसरे कारण.

स्लाइड ओढण्याचा त्रास बऱ्याचदा ताकदीचा नसतो, पद्धतीचा असतो. लोक स्लाइडचे मागचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतात आणि ओढतात. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ आणावे, नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, दुसऱ्या हाताचा पूर्ण तळवा स्लाइडवरून टाकून चारही बोटांनी ती घट्ट धरावी आणि मूठ धरलेल्या हाताने सांगाडा पुढे ढकलावा. स्लाइड जागेवर धरली आणि सांगाडा पुढे गेला की काम होते. माझ्याकडे आलेल्या, बोटांना सांधेदुखी असलेल्या बऱ्याच जणांना एवढ्याने जमले आहे. तरीही जमत नसेल तर बेरेटाची वर उघडणारी नळी हा पर्याय आहे: २१ए बॉबकॅट आणि ३०३२ टॉमकॅट यांत एक कळ दाबली की नळीचे मागचे टोक वर येते, त्यात काडतूस हाताने ठेवता येते आणि स्लाइड ओढावीच लागत नाही. पण या पिस्तुलांत पुंगळी ओढून काढणारा आकडाच नसतो. गोळी उडाली नाही तर स्लाइड ओढून काडतूस बाहेर येत नाही, नळी उघडून ते काढावे लागते. हे माहीत असून घेतले तर हरकत नाही.

रिव्हॉल्व्हरचा उल्लेख आपण केला नाही, पण मी तो टाळू शकत नाही. स्मिथ अँड वेसनची छोटी पाच गोळ्यांची रचना १९५० पासून चालू आहे, आणि तिच्या हॅमर झाकलेल्या प्रकारात कपड्यात अडकायला काहीच शिल्लक राहत नाही. ६४२ हे ॲल्युमिनियमचे मॉडेल सुमारे ४१० ग्रॅमचे आहे. त्यात स्लाइड नाही, मॅगझिन नाही, खिशातल्या धाग्यांची फारशी भीती नाही. शिवाय झटापटीत पिस्तुलाची नळी कोणाच्या अंगाला टेकून दाबली गेली तर स्लाइड मागे सरकते आणि गोळी सुटत नाही; रिव्हॉल्व्हरला हा दोष नाही. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: सिलिंडरमुळे जाडी ३३ मिलिमीटरच्या घरात जाते, आणि चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. आपल्या बोटांना तो सोसेल असे मला वाटत नाही, म्हणून आपल्यासाठी मी तो बाजूला ठेवतो. ज्याचे हात बळकट आहेत आणि ज्याला यंत्राची निगा राखण्याचा कंटाळा आहे, त्याने मात्र आधी रिव्हॉल्व्हरच पाहावे.

आता होल्स्टर. पिस्तूल उघडे, होल्स्टरशिवाय खिशात कधीही ठेवू नये. हा नियम मी मोडू देत नाही, आणि तो मोडणाऱ्याला शिकवतही नाही. खिशाच्या होल्स्टरची तीन कामे आहेत: चापाचे कवच पूर्ण आणि घट्ट झाकणे, पिस्तूल उभे व एकाच दिशेला ठेवणे, आणि पिस्तूल बाहेर काढताना स्वतः खिशात राहणे. तिसऱ्या कामासाठी बाहेरचा पृष्ठभाग खरखरीत हवा किंवा कापडाला अडकणारा आकडा हवा. मऊ, ढिले कापडी होल्स्टर नव्यासारखे असेपर्यंत ठीक असते. सहा महिन्यांनी त्याचे तोंड कोसळते आणि चापावरून दाबले जाऊ शकते. कडक चामड्याचे किंवा साच्यात घडवलेल्या कठीण प्लास्टिकचे घ्यावे. चांगल्या होल्स्टरचा आणखी एक उपयोग म्हणजे ते पिस्तुलाची आकृती मोडते. बाहेरून पाहणाऱ्याला पाकिटासारखा चौकोन दिसतो.

ज्या खिशात पिस्तूल आहे त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ली नको, नाणे नको, पेन नको, रुमालसुद्धा नको. आणि पिस्तूल खिशातच ठेवून होल्स्टरमध्ये ढकलायचा प्रयत्न कधी करू नये: आधी होल्स्टर बाहेर काढावे, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, पाहत पाहत पिस्तूल त्यात बसवावे, आणि मग दोन्ही मिळून खिशात घालावे. नकळत गोळी सुटण्याचे बरेच अपघात पिस्तूल बाहेर काढताना न होता परत ठेवताना होतात. कामाचा जोर ओसरलेला असतो आणि लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

काढण्याचीही पद्धत आहे. हात खिशात घालून मूठ वळली की ती खिशाच्या तोंडात अडकते. म्हणून अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर सपाट ठेवावा, त्यामुळे हात अरुंद राहतो. बाहेर आल्यावरच अंगठा खाली घेऊन पूर्ण पकड घ्यावी, आणि बोट चापावर शेवटपर्यंत येऊ देऊ नये. हे उभे राहून जमते. बसलेल्या माणसाला, विशेषतः गाडीत पट्टा बांधून बसलेल्याला, पुढच्या खिशातून पिस्तूल काढणे जवळजवळ अशक्य असते. याबद्दल मी कोणालाही खोटा दिलासा देत नाही. खिशाचा मोठा फायदा वेगळाच आहे: धोक्याची शंका येताच हात सहज खिशात जाऊ शकतो, आणि खिशात हात घातलेला माणूस कोणालाही खटकत नाही.

खिशाची पारख घरीच होते. होल्स्टरसकट पिस्तूल, रिकामे करून, नेहमीच्या कपड्यांत घालून दिवसभर घरात वावरा: जमिनीवर बसा, जिने चढा, वाकून जोडे बांधा, खुर्चीवर तासभर बसून काम करा. पिस्तूल आडवे होते का, मूठ वर डोकावते का, कापड त्याच्या वजनाने ओढले जाते का, हे अर्ध्या दिवसात कळते. अंदाजासाठी मापे सांगतो. मूळ एलसीपी सुमारे १३१ मिमी लांब, ९१ मिमी उंच, २१ मिमी जाड आणि रिकामे असताना पावकिलोहून थोडे जास्त. ग्लॉक ४२ सुमारे १५१ मिमी लांब आणि १०५ मिमी उंच. पी३६५ लांबीला ग्लॉक ४२ च्या जवळपास, पण उंचीला थोडे जास्त आणि वजनाला बरेच जास्त. २०२१ मधले एलसीपी मॅक्स आणि २०२४ मधले स्मिथ अँड वेसनचे बॉडीगार्ड २.० हे दोन्ही तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असून त्यांच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात. पूर्वी या आकारात सहाच मिळत. संख्येच्या या वाढीने लोक भारावले आहेत. मी त्या वाढीला मान देतो, पण पहिल्या दोन गोळ्या कुठे लागतात हे पाहिल्याशिवाय उरलेल्या आठांचा हिशेब करत नाही.

भरवशाची परीक्षा घेतल्याशिवाय कोणतेही पिस्तूल खिशात घालू नये. माझा किमान आकडा दोनशे गोळ्यांचा आहे, आणि त्यातल्या निदान पन्नास त्याच जातीच्या, ज्या रोज बाळगायच्या आहेत. दोन्ही मॅगझिनवर क्रमांक घालावेत आणि दोन्ही वेगवेगळी तपासावीत. अडथळा आला तर तो एकाच मॅगझिनचा होता का, हे नाहीतर कळत नाही. लहान पिस्तुले ढिल्या मनगटाला फार संवेदनशील असतात. हलका सांगाडा स्लाइडबरोबर मागे येतो, स्लाइडला पूर्ण मागे जाण्याइतका विरोध मिळत नाही आणि पुंगळी अडकते. म्हणून काही गोळ्या एका हाताने, काही दुबळ्या हाताने मारून पाहाव्यात. शेवटच्या पन्नास गोळ्यांत एकही अडथळा आला तर कारण सापडेपर्यंत परीक्षा पुन्हा सुरू करावी. धक्क्याची स्प्रिंग छोट्या पिस्तुलात लवकर थकते. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेआधीच ती बदलावी.

निगेबद्दल माझीच एक चूक सांगतो. एका वर्षी पावसाळ्यात मी एक छोटे पिस्तूल तीन आठवडे न उघडता खिशात बाळगले. मैदानावर पहिल्याच वेळी चाप ओढला, हॅमर पडला आणि नुसता टक् आवाज झाला. मागच्या खाचेत कापसाच्या धाग्यांचा घट्ट गोळा बसला होता, त्याने हॅमरचा जोर खाल्ला होता. काडतुसाच्या टोपीवर नुसती पुसट खूण उमटली होती. तेव्हापासून आठवड्यातून एकदा पिस्तूल रिकामे करून ब्रशने झाडतो, खिसा उलटा करून झटकतो आणि तेल अगदी थोडे लावतो, कारण जास्त तेल धागे गोळा करते. घामाने गंज चढतो, तो आधी मॅगझिनच्या कडांवर आणि छोट्या स्क्रूंवर दिसतो. आणखी एक: रोज पिस्तूल रिकामे करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, घालू नये. दर वेळी गोळीचे नाक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर आपटते आणि गोळी पुंगळीत थोडी थोडी आत सरकते; ती बरीच आत गेली की आतला दाब धोकादायक वाढतो. अशी काडतुसे नव्या काडतुसाशेजारी उभी करून लांबी पाहावी, आणि आखूड झालेली वेगळी काढावीत.

चेंबरमध्ये काडतूस ठेवावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक नवशिका विचारतो. पडल्यावर गोळी सुटू न देणारी अंतर्गत रचना असलेले आधुनिक पिस्तूल आणि चाप झाकणारे कडक होल्स्टर असेल तर ठेवणे सुरक्षित आहे. तरी मन तयार होत नसेल तर पहिले काही आठवडे चेंबर रिकामे ठेवून बाळगा आणि रोज संध्याकाळी पाहा की चापाला धक्का लागून हॅमर पडलेला तर नाही ना. एकदाही पडला नाही, असे दिसले की विश्वास आपोआप येतो. पडला असेल तर दोष होल्स्टरचा आहे, आणि तो आपल्याला वेळीच कळला. रिकाम्या चेंबरची सवय कायमची मात्र करू नका, कारण मग पिस्तूल चालवायला नेहमी दोन हात लागतात आणि आपल्याला स्लाइडचाच त्रास आहे.

घरात एक गोष्ट विसरू नये. खिशातले पिस्तूल पँटबरोबर खुंटीवर टांगले जाते. कपडे बदलताना, शौचालयात, पाहुणे आल्यावर घाईत, हेच पिस्तूल मुलाच्या हाताला लागते. कपडे बदलण्याआधी पिस्तूल होल्स्टरसकट कुलपाच्या पेटीत जावे, आणि ही पेटी कपड्यांच्या कपाटाशेजारीच बसवावी, म्हणजे आळसाला वाव राहत नाही. कायद्याबद्दल एवढेच: लपवून बाळगण्याची मुभा, कोणती काडतुसे नागरिकाला चालतात, कोणत्या इमारतींत प्रवेश नाही, हे सर्व प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. लष्करी वापरातले ९ मिमी काडतूस काही देशांत नागरिकांना मिळतच नाही, आणि तिथे .३२ हाच सरळ मार्ग उरतो. आपल्या परवान्यावर नेमके काय लिहिले आहे, ते खरेदीआधी शब्दन्शब्द वाचावे.

तर आपल्यासाठी माझे उत्तर असे. आपल्या परवान्यात बसत असेल तर कलत्या नळीच्या रचनेचे .३८० घ्या, आणि आपल्या खिशात मावत असेल तर ग्लॉक ४२ च्या आकाराचे घ्या. ते एलसीपीपेक्षा मोठे आहे, आणि तोच त्याचा गुण आहे: मूठ भरते, स्लाइड हलकी जाते. ते मावत नसेल तर आधी खिसा खोल करून पाहा. तरीही मावले नाही तर त्याच रचनेचे .३२ घ्या, साध्या गोळ्यांसह, आणि .३२ म्हणजे खेळणे असे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. एलसीपी मॅक्स किंवा बॉडीगार्ड २.० दुसरे पिस्तूल म्हणून, वर्षभराच्या सरावानंतर पाहा. ९ मिमी तूर्त नको.

विकत घेण्याआधी दोन पिस्तुले मैदानावर भाड्याने किंवा ओळखीच्याकडून घेऊन प्रत्येकी पन्नास गोळ्या मारा. पाच मीटरवर ताटाएवढे वर्तुळ लावा. पहिल्या पाच गोळ्या मारून कागदावर खूण करा आणि शेवटच्या पाच नव्या कागदावर मारा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. ज्या पिस्तुलाचा शेवटचा कागद पहिल्यासारखाच दिसतो, ते घ्या. दुसऱ्याच्या खिशात ते किती छान बसते याची चौकशी करायची गरज उरणार नाही.